हिरडी रक्त सांगते, मशेरी ते लपवते

मांडव्यापासून थेट श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात चाळिशी-पंचेचाळिशीच्या बायकांना दातांबद्दल विचारा. एकीच्या दाढा गेलेल्या असतात, दुसरीचे पुढचे दात हलत असतात, तिसरी भाकरी कालवणात भिजवल्याशिवाय खाऊ शकत नाही. आणि सगळ्याजणी एकच कारण सांगतात, “आता वय झालं ना!” पंचेचाळीस हे काय दात पडायचे वय झाले? पण आईचे असेच पडले, आजीचे असेच पडले, म्हणून आपलेही पडणार, असे गृहीत धरून आपली माणसे गप्प बसतात.

वाचकहो, वय वाढले म्हणून दात पडत नाहीत. मोठ्या माणसांचे दात जातात ते मुख्यतः दोन कारणांनी. एक कीड आणि दुसरा हिरड्यांचा आजार, ज्याला आपल्याकडे ‘पायोरिया’ म्हणतात. कीड निदान ठणकते, रात्रीची झोप उडवते, म्हणून माणूस उठून दवाखान्यात जातो. पायोरिया मात्र वर्षानुवर्षे दुखत नाही. तो फक्त थोडे रक्त दाखवतो. तेवढी एकच खूण असते आणि आपल्या किनाऱ्यावर तीच खूण मशेरीच्या काळ्या थुंकीत दिसेनाशी होते. म्हणून आज या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत.

हिरडी बिघडते कशी?

जेवण झाल्यावर दातांवर, विशेषतः दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला, एक चिकट पांढुरका थर बसू लागतो. हा थर म्हणजे नुसते अडकलेले अन्न नव्हे, त्यात असंख्य जंतू असतात. दंतवैद्य त्याला ‘प्लाक’ म्हणतात. तो रोज घासून काढला तर निघतो. काढला नाही तर लाळेतले क्षार त्यावर बसतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा घट्ट होतो. हेच आपले ‘किटण’. होडीच्या बुडाला काकई कशी चिकटते, तसे समजा. एकदा घट्ट झाले की ब्रशने निघत नाही आणि बोटाने तर नाहीच. त्याच्या खडबडीत अंगावर नवा थर आणखी लवकर बसतो.

या जंतूंशी झगडताना हिरडी लाल होते, सुजते, दात घासताना रक्त येते. ही पहिली पायरी. इथपर्यंत हाड शाबूत असते. सफाई झाली, किटण काढले तर हिरडी पूर्ववत होते. म्हणजे या पायरीवर आजार पूर्ण बरा होतो, हे नीट लक्षात ठेवा.

तिकडे दुर्लक्ष झाले तर दुसरी पायरी येते, तीही सगळ्यांना नाही पण पुष्कळांना. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर असते. चार किंवा त्याहून खोल गेली की तिथे ब्रश पोचत नाही, जंतूंना आयता आडोसा मिळतो. मग दात धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. हिरडी खाली सरकते, दात लांब दिसू लागतात, त्यांच्यात फटी पडतात, तोंडाला वास येतो, कधी पू येतो आणि शेवटी दात हलतो. झिजलेले हाड पुन्हा पहिल्यासारखे भरून येत नाही. काही ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडेफार भरता येते, पण सर्वसाधारणपणे असेच धरून चालावे की गेले ते गेले, उरलेले वाचवायचे.

हे सगळे अंदाजाने सांगितलेले नाही. डेन्मार्कमध्ये आर्हुस येथे १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. रोग येतो कशाने आणि जातो कशाने, ते या साध्या प्रयोगाने स्पष्ट झाले.

‘माझ्या आजीने कधी ब्रश धरला नाही!’

हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. आजी नव्वदीतही सुके बोंबील चावून खायची, मग आम्हालाच हा खटाटोप कशाला? प्रश्न चुकीचा नाही, त्याला उत्तरही आहे. याच हॅराल्ड लो यांनी १९७० पासून पंधरा वर्षे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या पुन्हा पुन्हा तपासल्या. या मजुरांना दात घासायची सवय नव्हती, दंतवैद्य माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही शंभरातल्या अकरा जणांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही. एक्याऐंशी जणांची झीज मध्यम गतीने होत राहिली आणि आठ जणांची फार वेगाने झाली.

म्हणजे आजी त्या अकरांतली होती. अंगचाच तो गुण. पण आपण अकरांत आहोत की आठांत, हे आधी कळत नाही. कळते ते दात हलल्यावर. वस्तीतल्या एका आजीकडे बोट दाखवून बाकीच्या नव्वद जणांनी निर्धास्त राहणे बरोबर नाही.

मशेरी काय करते?

आता आपल्या घरातली गोष्ट. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांवर-हिरड्यांवर घासायची. ही मशेरी. कोळीवाड्यात, आगरवाड्यात, आदिवासी वाडीवर, सगळीकडे ती आहे. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की आईच्या डबीत बोट घालते. आधी दात साफ व्हायला म्हणून, मग ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाय’ म्हणून, मग दुपारच्या जेवणानंतर, मग मासळी विकता विकता. दिवसातून एकदाची चार-पाचदा कधी झाली ते तिचे तिलाही कळत नाही. या बायकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पहाटे तीनला उठून बंदरावर जाणारी, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी बाई जिवाला आधार शोधते आणि तो डबीत सापडतो. तो आधार म्हणजे निकोटीन. त्याची सवय कशी लागते हे तिला कोणी सांगितलेले नसते.

हिरडीच्या दृष्टीने मशेरी तीन प्रकारे घात करते.

पहिला, ती खूण झाकते. हिरडीतून रक्त येत असले तरी काळ्या थुंकीत ते दिसत नाही. हिरडीवर काळपट थर असल्याने तिचा लालपणाही लक्षात येत नाही. विडी-सिगारेटच्या बाबतीत तर हे पुरते सिद्ध झाले आहे. धूम्रपान करणाऱ्याची हिरडी आतून पोखरलेली असली तरी तिच्यातून रक्त कमी येते. त्यामुळे तांडेल म्हणतो, ‘मला कसलाच त्रास नाय,’ आणि तोवर हाड निम्मे झिजलेले असते.

दुसरा, तंबाखूने ठणका थोडा वेळ दबल्यासारखा वाटतो. दाढ दुखली की मशेरी जास्त वेळ दाबून धरायची, हा तर घरोघरचा उपाय. दुखणे दबते, दवाखाना लांबतो.

तिसरा, जिथे पूड रोज घासली जाते तिथली हिरडी हळूहळू खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर दातासारखे कठीण कवच नसते. ते झिजते, गार पाण्याने झिणझिणते, तिथे कीडही लवकर लागते.

हिरडीपलीकडचा धोका तर सर्वांना ठाऊकच असावा. मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात मशेरीची प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा तिच्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये आढळली. ‘भाजली की तंबाखूचं विष जळून जातं’ ही समजूत उलटी आहे. भाजण्याने काही घातक द्रव्ये नव्याने तयार होतात. गरोदर बाईने तंबाखू कुठल्याही रूपात घेतली तर बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ मध्ये कायम ठेवली. पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. तिथे घरातल्याच माणसांनी बोलायला हवे.

जाता जाता सुपारीबद्दलही एक शब्द. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे आपल्या जिल्ह्याचा मान. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बागाच्या बागा आडव्या झाल्या तेव्हा सगळा किनारा हळहळला. बागायतदाराचे कष्ट मोठे आहेत, पण तोंडात सुपारी धरून ठेवणे चांगले नाही हेही खरे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ सालीच जाहीर केले आहे. सुपारीने तोंड उघडणे कमी होते. मग ब्रश आत जात नाही आणि दंतवैद्याचे हत्यारही जात नाही.

‘सफाईने दात ढिले होतात’ हे खरे का?

दातांची सफाई, म्हणजे स्केलिंग, म्हटले की पहिली शंका हीच येते. ‘अमकीने किटण काढून घेतलं आणि तिचे दात हलायला लागले.’ यात घडते काय ते समजून घ्या. हाड आधीच झिजलेले असते आणि दातांच्या मध्ये साठलेल्या किटणाने ते दात एकमेकांना लिंपल्यासारखे धरलेले असतात. किटण निघाले की खरी स्थिती उघडी पडते. फटी दिसतात, चार-आठ दिवस गार पाणी झोंबते. सफाईने दात ढिले केले नाहीत, ते आधीच ढिले होते. उलट किटण तसेच ठेवले तर राहिलेले हाडही जाणार.

आणि ही काही इंग्रजांनी आणलेली नवी टूम नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांशी होणारे पंधरा विकार सांगितले आहेत, किटणाला ‘दंतशर्करा’ असे नाव दिले आहे आणि वैद्याने दातांच्या मुळांना इजा न करता ती काढावी, असेही सांगून ठेवले आहे. आजचा दंतवैद्य तेच यंत्राने करतो.

आजार पहिल्या पायरीवर असेल तर एवढी सफाई आणि रोजची नीट निगा पुरते. खाचा खोल असतील तर जागा बधिर करून हिरडीखालची, मुळावरची खोल सफाई दोन-तीन बैठकांत करतात. त्यानेही भागले नाही तर हिरडी थोडी उघडून आतून साफ करून टाके घालतात. अगदीच आधार गेलेला दात काढावा लागतो, पण तो शेवटचा उपाय. दात वाचेल का, असे दंतवैद्याला स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे.

औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणून घेणे हा मात्र उपचार नव्हे. गोळीने सूज उतरते पण किटण जागच्या जागी राहते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, त्या जरूर करा. पण गुळण्यांनी किटण विरघळत नाही. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यांनी दात आणि हिरडी दोन्ही घासली जातात, ते बंदच करा. कडुलिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी वाईट नाही. ती चावून मऊ करावी आणि हळू हाताने फिरवावी, तिने हिरडी खरवडू नये.

साखरवाल्यांनी दुप्पट जपावे

मधुमेह आता गावोगाव पोचला आहे. साखर ताब्यात नसली की हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो. उलट हिरड्यांत सतत सूज असली की साखर आवरायला जड जाते. हिरड्यांवर उपचार केल्यानंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत थोडी पण मोजता येण्याइतकी घट होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा डायबेटिसच्या गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा हिरड्या दाखवाव्यात. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. ‘पोटुशीने दाताला हात लावू नये’ ही समजूत सोडा. दंतवैद्याला दिवस सांगा, तो योग्य वेळ ठरवून सफाई करतो.

जायचे कुठे, कधी?

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दंत विभाग आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत, त्यामुळे केसपेपरपासून खर्चाची धास्ती नको. आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कुठल्या वारी बसतात ते आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून विचारून घ्या, म्हणजे एस.टी.चे भाडे फुकट जाणार नाही.

खोल सफाई किंवा हिरडीची शस्त्रक्रिया लागली तर दंत महाविद्यालय गाठावे. आपल्याच जिल्ह्यात पनवेल तालुक्यात कामोठे आणि खारघर येथे अशी महाविद्यालये आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ लागतो, फी मात्र खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असते. अलिबागकडच्या माणसाला मांडव्याहून गेटवेची लाँच धरली की सेंट जॉर्जेस फार लांब नाही. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा एस.टी.ने पनवेलची वाट बरी.

खलाशांसाठी सोयीचा काळ म्हणजे जून-जुलैची मासेमारी बंदी. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी विणायचे काम सोडले तर हाताशी दिवस असतात. दोन-तीन बैठकांचा उपचार त्या दोन महिन्यांत सहज पुरा होतो. बायकांनीही त्याच सुमारास जावे. बाजार थंड असतो, टोपली एक दिवस खाली ठेवता येते.

दंतवैद्याकडे गेल्यावर मशेरी, विडी, तंबाखू लपवू नका. साखर, रक्तदाब, हृदयाचा विकार, रक्त पातळ करण्याची गोळी, जे असेल ते आधी सांगा.

मशेरी सोडताना एक इशारा

मशेरी बंद करून ब्रश हातात घेतलेल्या बाईला पहिल्या काही दिवसांत हिरडीतून रक्त दिसू लागते. ती घाबरते आणि म्हणते, ‘बघ, सोडली आन् रक्त सुरू झालं. मशेरीच बरी होती!’ आणि डबी परत बाहेर येते. इथेच घात होतो. आजार नवा झालेला नसतो, जुनाच आता दिसू लागलेला असतो. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांतही सुरुवातीला रक्त वाढल्याचे दिसते. म्हणून रक्त आले तर मशेरीकडे न वळता दवाखान्याकडे वळा. सफाई करून घेतली आणि ब्रश चालू ठेवला तर ते थांबते.

एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची सोडा, मग संध्याकाळची, शेवटी सकाळची. सकाळी डबीच्या जागी ब्रश ठेवा. तल्लफ आली की पाणी प्या, बडीशेप चघळा, हाताला काम लावा. बहुतेक वेळा ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. शेजारणी-शेजारणींनी मिळून सोडली तर जास्त सोपे जाते. बचत गटाच्या बैठकीत हा विषय एकदा काढून पाहा.

रोज एवढे करा

मऊ ब्रश घ्या. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन दोन मिनिटे, हिरडीच्या कडेला ब्रश थोडा तिरका धरून हळू फिरवा. रात्रीचे घासणे कधी चुकवू नका. बोटीवरही एक तांब्या पाण्यात काम होते. दातांच्या मध्ये जायला दोरा किंवा बारीक ब्रश मिळतो, तो वापरा. टाचणी, सुई, काडेपेटीची काडी घालू नका. तीन महिन्यांनी ब्रश बदला. रक्त आले म्हणून घासणे थांबवू नका, थांबवल्याने ते वाढते.

आठवड्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहून हिरड्या पाहा. लाल, सुजलेली हिरडी, लांब दिसणारा दात, पू, हलणारा दात यांपैकी काहीही दिसले तर महिना काढू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि मशेरी लावणाऱ्यांनी, विडी ओढणाऱ्यांनी रक्ताची वाटच पाहू नये. काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा तपासून घ्यावे, कारण त्यांची हिरडी वेळेवर ओरडत नाही.

या घरांतल्या आठ-दहा वर्षांच्या पोरींच्या हातात अजून डबी आलेली नाही. त्यांच्या हातात आधी ब्रश पडला, तर पंचेचाळिशीत ‘वय झालं’ म्हणायची पाळी त्यांच्यावर येणार नाही.